दुसरं इंजिन कशासाठी?

1960 सालच्या एप्रिल महिन्यात मायामीहून बहामातल्या नॅसॉकडे शर्यतीच्या मोटारनौका निघाल्या, तेव्हा समुद्र चांगलाच खवळलेला होता. लाटा आठ-आठ फुटांच्या, वारा तीस नॉटच्या आसपास. अशा पाण्यात 'मॉपी' नावाची तीस फुटी नौका सुमारे आठ तासांत नॅसॉला पोचली. दुसरी आली 'अ‍ॅक्वा हंटर', मॉपीहून लहान आणि दोन तास उशिरा. तिसरी नौका बंदरात शिरली तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता.

पहिल्या दोन्ही नौकांमध्ये दोन गोष्टी सारख्या होत्या. दोघींचा तळ रे हंट या आरेखकाच्या कल्पनेतला होता: नाळेपासून पिछाडीपर्यंत खोल इंग्रजी 'व्ही'सारखा, लाटेवर आपटण्याऐवजी तिला चिरत जाणारा. आणि दोघींच्या पोटात दोन-दोन इंजिनं होती. मॉपीमध्ये 275 अश्वशक्तीची दोन लिंकन इंजिनं, तर अ‍ॅक्वा हंटरमध्ये व्होल्व्हो पेंटाचे दोन स्टर्नड्राइव्ह. स्टर्नड्राइव्ह म्हणजे इंजिन नौकेच्या आत आणि पंखा फिरवणारा पाय पिछाडीच्या फळीबाहेर. ही रचना प्रत्यक्षात आणणारा जिम विन हाच अ‍ॅक्वा हंटरचा चालक होता. त्याआधी 1958 मध्ये त्याने डेन्मार्कच्या ओल बोत्वेदबरोबर एका छोट्या नौकेतून अटलांटिक ओलांडला होता, तोही पिछाडीच्या फळीवर बाहेरून टांगलेल्या दोन आउटबोर्ड इंजिनांवर.

मॉपीवरून पुढे 'बर्ट्राम 31' आली आणि तिच्या अठराशेहून जास्त नौका बांधल्या गेल्या. हंटच्या तळाचा वारसा घेऊन मायामीच्या उत्तरेला 188व्या रस्त्यावर डॉन अ‍ॅरोनोव्हने फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम, सिगरेट असे एकामागून एक कारखाने काढले. वेगवान मोटारनौका शर्यतीतून घरगुती मालकाच्या हाती आली ती याच वाटेने. पण शर्यतीची नौका आणि घरची नौका यांत फरक पडतो. तीस-पस्तीस फुटांच्या पुढे दोन इंजिनं गृहीतच धरतात. वीस फुटांच्या आत एकच. मधल्या, म्हणजे चोवीस ते अठ्ठावीस फुटांच्या नौकेला मात्र दोन्ही चालतं, आणि तिथेच घेणारा अडतो: एक मोठं घ्यावं की दोन लहान?

बहुतेकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो वेगाचा. तेव्हा आधी वेगाचाच हिशेब करू. जॉर्ज क्राउच या अमेरिकन आरेखकाच्या नावाने ओळखलं जाणारं एक साधं सूत्र आहे. पाण्यावर उचलली जाऊन धावणाऱ्या नौकेचा वेग हा शक्ती भागिले वजन याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. समजा, माणसं आणि इंधनासकट अडीच हजार किलोची नौका 300 अश्वशक्तीच्या एका आउटबोर्डवर ताशी 80 किलोमीटर धावते. मर्क्युरीचं 300 अश्वशक्तीचं व्ही-8 इंजिन साधारण 239 किलोचं, तर 150 अश्वशक्तीचं साधारण 206 किलोचं. म्हणजे 150ची दोन लावली तर शक्ती तेवढीच राहते आणि वजन 173 किलोंनी वाढतं. सूत्र सांगतं, वेग 77च्या आसपास येईल. त्यात पाण्यात उतरलेल्या दुसऱ्या गिअरकेसचा अडसर मिळवा, की आणखी थोडा घटेल. शक्ती तेवढीच ठेवून दोन इंजिनं घेतली, तर वेग वाढत नाही, कमीच होतो.

आता 300ची दोन लावून पाहू. शक्ती दुप्पट, वेग साधारण 108. म्हणजे इंजिनांचा खर्च दुप्पट आणि वेग जेमतेम एक तृतीयांश जास्त. पेट्रोलही त्याच हिशेबाने जातं. पूर्ण वेगात 300 अश्वशक्तीचं इंजिन तासाला शंभर-एकशेदहा लिटर पितं, दोन असली तर त्याच्या दुप्पट. ज्याला शेवटचा वेगच हवा आहे त्याने ही किंमत जरूर मोजावी, पण आपण किती पैशांत किती वेग घेतोय हे त्याला माहीत असावं.

स्टर्नड्राइव्हच्या नौकांमध्ये हा पेच जास्त जुना. ऐंशी-नव्वदच्या दशकात मर्क्रूझर या स्टर्नड्राइव्हच्या गिऱ्हाइकापुढे दोन पर्याय असत: जनरल मोटर्सच्या ठोकळ्यावर बेतलेलं 7.4 लिटरचं एकच दांडगं व्ही-8, किंवा 5.7 लिटरची दोन. कागदावर दोनांची शक्ती जास्त भरते. पण अमेरिकेत वेगळ्या परवान्याशिवाय रस्त्यावरून ट्रेलरवर न्यायची तर नौकेची रुंदी साडेआठ फुटांच्या आत ठेवावी लागते, म्हणून या आकाराच्या बहुतेक नौका तेवढ्याच रुंद. त्या रुंदीत दोन व्ही-8 शेजारी शेजारी बसवली की बाजूच्या भिंतीकडचे स्पार्क प्लग आणि एक्झॉस्टचे पाइप हाताच्या आवाक्याबाहेर जातात. एक प्लग बदलायला मेकॅनिकला झाकणातून डोकं खाली करून लोंबकळावं लागतं. शिवाय तेल, गाळण्या, थंड पाणी ओढणारे रबरी इम्पेलर, पायाला जोडणारे रबरी भाते, गिअरचं तेल, सगळं दोनदा. भात्याला चीर गेली तर समुद्राचं पाणी थेट नौकेत शिरतं. एका नौकेत असे दोन दरवाजे सांभाळायचे, ही जबाबदारी लहान नाही.

दोन इंजिनांचं खरं सुख धक्क्याजवळ कळतं. एक पुढे, एक मागे असं लावलं की नौका जागच्या जागी वळते. एकाच पंख्याची नौका मात्र मागे घेताना एका बाजूला सरकते आणि भर वेगात सुकाणू हळूहळू एकीकडे ओढतं, कारण पंखा पाणी मागे लोटतो तसा थोडं बाजूलाही लोटतो. दोन इंजिनांचे पंखे उलटसुलट दिशांनी फिरवले की ही ओढ एकमेकांत जिरते. मात्र मग सुटा पंखाही एक ठेवून भागत नाही, डाव्या-उजव्या फिरकीचे दोन लागतात. आणि आउटबोर्डांच्या मध्यांत अंतर असतं साधारण सव्वीस इंच. इतक्या जवळच्या इंजिनांनी मिळणारं वळण मोठ्या नौकेतल्या लांब लांब बसवलेल्या इंजिनांसारखं जोरकस नसतं.

एका इंजिनाच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच आहे. खोल 'व्ही'चा सर्वांत खोल भाग मधोमध असतो. एकटा पंखा तिथे, अखंड पाण्यात काम करतो. दोन असले की ते मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, 'व्ही'च्या चढावर येतात, आणि जोरात वळण घेताना बाहेरच्या बाजूचा पंखा हवा ओढून नुसता फिरू शकतो. एकट्या इंजिनाची ओढही आता दूर करता येते. व्होल्व्हो पेंटाने 1982 साली एकाच दांड्यावर एकामागे एक, उलट दिशांनी फिरणारे दोन पंखे आणले आणि तो प्रश्न बराचसा मिटला. शक्तीची मर्यादाही सरकली. मर्क्युरीने 2021 मध्ये 600 अश्वशक्तीचा व्ही-12 आउटबोर्ड बाजारात आणला. त्यात वरचं इंजिन स्थिर राहतं आणि वळतो फक्त खालचा गिअरकेस. पण त्याचं वजन 571 किलो, म्हणजे 300च्या दोन व्ही-8 इंजिनांच्या बेरजेपेक्षाही जास्त.

वेग, हाताळणी, देखभाल या तिन्ही मुद्द्यांवर पारडं कधी इकडे, कधी तिकडे झुकतं. निकाल लावणारा प्रश्न चौथा आहे: इंजिन बंद पडलं तर परत कसं येणार?

दोन इंजिनांबद्दलचा सर्वांत मोठा विश्वास हाच असतो, आणि सर्वांत कमी तपासलेलाही हाच. एका फेरीत इंजिन बंद पडण्याची शक्यता शंभरात एक आहे असं नुसतं समजुतीसाठी धरू. दोन इंजिनं असली तर त्यांतलं कुठलं तरी एक बंद पडण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट होते, शंभरात दोन. म्हणजे दोन इंजिनांच्या मालकाला बिघाड जास्त वेळा भोगावे लागतात. पण दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता दहा हजारांत एक. एवढं एकच उत्तर ऐकून माणूस निश्चिंत होतो.

हे गणित खरं ठरायला एक अट लागते. दोन्ही इंजिनं एकमेकांपासून खरोखर सुटी हवीत. टाकी एकच असेल आणि तिच्यात पाणी शिरलं, तर दोन्ही इंजिनं एकाच घोटाने आजारी पडतात. अमेरिकेत पेट्रोलमध्ये सर्रास दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल शोषतं. नौका महिनोन्महिने उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. बॅटरी एकच असेल तर ती उतरल्यावर दोन्ही स्टार्टर गप्प. शेजारी शेजारी फिरणारे दोन पंखे तरंगत्या दोराच्या एकाच वेटोळ्यात अडकू शकतात. आणि ज्या मालकाने एका इंजिनाचा इम्पेलर बदलायचा टाळला, त्याने दुसऱ्याचाही टाळलेला असतो. दोन टाक्या किंवा निदान दोन वेगळ्या इंधननळ्या, पाणी वेगळं करणाऱ्या दोन गाळण्या, दोन बॅटऱ्या आणि गरजेला त्या जोडणारा एक स्विच, एवढं असेल तरच नौकेत दोन इंजिनं आहेत असं म्हणावं. नाहीतर ते दोन डोक्यांचं एकच इंजिन.

दुसरा गैरसमज असा, की एक बंद पडलं तर दुसरं निम्म्या वेगाने घरी नेईल. या आकाराच्या बहुतेक नौका एका इंजिनावर पाण्यावर उचलल्याच जात नाहीत. पंख्याच्या पात्यांचा पीळ दोन इंजिनांच्या वेगाला बेतलेला असतो. एकट्या इंजिनाला तो ओढायला लावणं म्हणजे बैलजोडीतला एक बैल बसल्यावर दुसऱ्याकडून भरली गाडी चढावर ओढवून घेणं. त्याने नेट लावला तर तोही बसेल. इंजिन दमून गरम होतं, फेरे वाढत नाहीत. शहाणा चालक गती खाली आणतो आणि ताशी दहा-बारा किलोमीटरने, नौका पाण्यात बसवून, सावकाश येतो. दीडशेची जोडी असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. त्यांच्याकडे उरतं ते फक्त दीडशे, आणि ओढायचं असतं बंद पडलेल्या इंजिनाचं वजनही.

म्हणून निवड करताना मी नकाशा हाती घ्यायला सांगेन. मायामीहून बहामातलं बिमिनी साधारण 80 किलोमीटर. मध्ये गल्फ स्ट्रीम, उत्तरेकडे वाहणारा बलवान प्रवाह. बंद नौकेला तो तासाला पाच-सहा किलोमीटर सहज वाहून नेतो, आणि उत्तरेचा वारा त्याच्यावर उलटा आला की लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. तिथे जाणाऱ्याने दोन इंजिनं घ्यावीत, आणि ती खरोखर सुटी ठेवावीत. मिसूरीतल्या ओझार्क्सच्या तलावावर मात्र कुठेही थांबलात तरी काठ डोळ्यांपुढे असतो. तिथे दुसऱ्या इंजिनाचे पैसे एकाच चांगल्या इंजिनावर आणि त्याच्या देखभालीवर घालावेत. या दोन टोकांच्या मध्ये असलेल्याने आणखी एक विचार करावा. दुसरं इंजिन आपल्याच नौकेत असावं लागतं असं नाही. आपल्या कोळीवाड्यातली एका इंजिनाची होडी बंद पडली की जवळची होडी दोर टाकून तिला ओढत आणते. फ्लोरिडात तेच काम सोबतीने निघालेल्या नौका करतात, किंवा 1983 मध्ये सुरू झालेल्या सी टोसारख्या सेवा वर्गणी घेऊन करतात. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याला एक इंजिन, चालू रेडिओ आणि असा दोर पुरतो.

दोन इंजिनांची नौका घेणाऱ्याने पाण्यावर चाचणी घेताना विक्रेत्याला पूर्ण वेग दाखवायला सांगण्याआधी एक इंजिन बंद करायला सांगावं. ते पंख्यासह पाण्याबाहेर उचलावं आणि दुसऱ्यावर तासभर चालवावं. सुकाणू किती ओढतंय, तापमानाचा काटा कुठे थांबतोय, पेट्रोल किती जातंय, हे सगळं तिथेच लिहून घ्यावं. मग बिमिनीच्या वाटेवर, अगदी मध्यावर, एक इंजिन गप्प झालं तरी माणूस घाबरत नाही. चाळीस किलोमीटर, ताशी बारा. साडेतीन तास जातील. मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट घालायचं, नाळ किनाऱ्याकडे धरायची. दुसऱ्या इंजिनाने दिलेला वेग हाच, ताशी बारा किलोमीटर, आणि त्यासाठीच ते घ्यायचं असतं.