मांडणीच्या फाइलींची देवाणघेवाण

समजा, वर्धा जिल्ह्यातील गिरड येथील शेख फरीद दर्ग्याची माहितीपुस्तिका तुम्ही इनडिझाइनच्या नव्या आवृत्तीत मांडली आहे. मुद्रणालयात मात्र जुनी आवृत्ती आहे. नवी आवृत्ती जुनी फाइल उघडते. जुनी आवृत्ती नवी फाइल उघडत नाही. अशा वेळी फाइल 'आयडीएमएल' स्वरूपात निर्यात करून पाठवावी. २००८ च्या सीएस-४ पासूनच्या आवृत्त्या हे स्वरूप वाचू शकतात.

तथापि, या फाइलीत फॉन्ट आणि जोडलेली चित्रे नसतात. ती स्वतंत्रपणे द्यावी लागतात. मराठीच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेली असतात. तो फॉन्ट नसेल, तर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मजकूर टिकतो. परंतु फॉन्ट बदलल्यास ओळी सरकतात आणि देवनागरी जुळणीची सोय नसलेल्या आवृत्तीत जोडाक्षरे तुटतात.

म्हणून फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ प्रत सोबत अवश्य द्यावी. मुद्रणालयात उघडलेले प्रत्येक पान तिच्याशी ताडून पाहता येते. मजकुरात बदल करायचे नसल्यास छपाईसाठी केवळ पीडीएफही पुरते. लक्षात ठेवा, तुटलेले जोडाक्षर पडद्यावर सुधारता येते; छापील प्रतीत ते तसेच राहते.