माती मोकळी, मैदान हिरवं – भाग ७ : एचटीपी पंपाने जमेल का?

आजचा लेख वाळूच्या थरासाठी राखून ठेवला होता. तो आता पुढच्या आठवड्यात. कारण तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराने विचारलेला प्रश्न इतका नेमका आहे, की त्याला अख्खा लेख द्यायलाच हवा. गावच्या शाळेचं मैदान टणक झालंय, पाणी वरच्यावर वाहून जातं, हिरवळ जागोजागी वाळते. गोल्फच्या ग्रीनवर पाण्याच्या धारेने माती भेदणारं यंत्र चालतं, तर बागेतला फवारणीचा एचटीपी पंप तेच काम का करणार नाही, असं ते विचारतात.

आधी प्रेशर बघू. गोल्फवरचं असं यंत्र म्हणजे टोरो कंपनीचं हायड्रोजेक्ट; ते 1990 च्या सुमारास आलं. त्याचं प्रेशर आपल्या भाषेत सुमारे 350 किलो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला तेवढे किलो. फवारणीचा एचटीपी साधारण 20 ते 40 किलोवर चालतो. म्हणजे फरक सुमारे नऊ ते सतरापटीचा. हिशोबाने हायड्रोजेक्टच्या नोझलमधून पाणी सेकंदाला 260 मीटरच्या आसपास वेगाने सुटतं, तर एचटीपीचं साधारण 60 ते 90 मीटरने.

प्रेशरपेक्षाही मोठा फरक धारेचा. हायड्रोजेक्टची धार सलग नसते, ती झटक्याझटक्याने सुटते. प्रत्येक झटका सुमारे तीन मिलिमीटर रुंदीचं भोक पाडत 10 ते 20 सेंटीमीटर खोल जातो. वरचं गवत जवळजवळ हलत नाही, खेळ लगेच सुरू करता येतो. एचटीपीची गन एका जागी धरली, तर सलग धारेने वर खड्डा आणि चिखल होतो. तो चिखल वाळला, की वरची पापडी आणखी घट्ट.

पण समजा हायड्रोजेक्टच आणलं, तरी तासगावात काम होईल? गोल्फचं ग्रीन बहुधा वाळूवर उभं असतं. अमेरिकी गोल्फ संघटनेच्या पद्धतीत मुळांसाठी सुमारे 30 सेंटीमीटरचा वाळूप्रधान थर असतो. त्यात कुजक्या सेंद्रिय पदार्थांचा मेणचट लेप वाळूच्या कणांवर चढतो आणि कोरडी माती पाणी झटकते. पाण्याची धार तो कोरडा पट्टा भेदून ओल खाली नेते, म्हणून तिथे तिचा गुण दिसतो. कृष्णाकाठच्या काळ्या मातीचं दुखणं वेगळं. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यात पाडलेलं बारीक भोक, आत काही भरलं नाही, तर फुगताना मिटतं. महाबळेश्वर-पाचगणीकडची तांबडी माती तेवढी फुगत नाही, त्यामुळे तिथे भोक जास्त टिकेल.

म्हणून माझं उत्तर: पंप बागेतच राहू द्या. आधी दोन परीक्षा घ्या. वाळलेल्या जागेतली कोरडी माती काढून तिच्यावर पाण्याचा थेंब सोडा. तो मण्यासारखा बसून राहिला, तर माती पाणी झटकतेय. लगेच जिरला, पण माती ओलसर असतानाही लांब खिळा जोर लावून आत जात नसेल, तर माती दबलीय. दबलेल्या मातीला वाफसा आल्यावर पोकळ दात्यांच्या यंत्राने मातीचे गाभे काढा आणि भोकं वाळूने भरा. वाफशाची ओळख तुम्हाला मी सांगायला नको: मुठीत दाबलेला गोळा टाकला की फुटला पाहिजे.

तरीही कुणाला गन चालवून पाहायचीच असेल, तर धारेसमोर हात कधीही आणू नका. अशी धार कातडी फोडून आत शिरते आणि जखम वरून दिसते त्याहून खोल असते. ग्लायफोसेट या तणनाशकासाठी वापरलेली टाकी तर हिरवळीजवळ नेऊच नका.

आणि शाळांच्या संस्थाचालकांना एक विनंती. ओली माती वजनाखाली सर्वांत जास्त दबते. पावसाळ्यात मैदानावर मंडपाचे ट्रक, ट्रॅक्टर आणि गाड्यांचं पार्किंग बंद करा. त्याला एक रुपयाही लागत नाही, आणि ते केल्याशिवाय कुठल्याही यंत्राचा खर्च टिकणार नाही.