काचेचा कठडा

भोपाळ हे तळ्यांचे आणि टेकड्यांचे शहर आहे. श्यामला टेकडीवरील भारत भवन ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की, तेथील गच्च्या पायरीपायरीने मोठ्या तलावाकडे उतरत जातात. चार्ल्स कोरिया या स्थापत्यविशारदाची ही वास्तू १९८२ साली खुली झाली. आता घरोघरीही तीच हौस दिसते : सज्जात बसावे आणि समोर पाणी दिसावे. मग विटांचा कठडा नको, लोखंडी गज नकोत, काच हवी! पण कठड्याचे मूळ काम माणसाला पडू न देणे हे होय. गोव्याच्या जुन्या घरांच्या बाल्कांवात दगडी बैठकांवरच भागते. कारण तेथून पडलेले पोर रडून उठते. चौथ्या मजल्यावर ती सवलत नाही.

खिडकीची साधी काच येथे कामाची नाही. तिचे सुऱ्यांसारखे तुकडे होतात. म्हणून काच सहाशे अंशांहून अधिक तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो. आतला भाग मागाहून निवून आकसू लागतो व पृष्ठभागाला आत ओढून धरतो. असा दाबलेला पृष्ठभाग सहजी चिरत नाही. ही ‘टफन्ड’ काच साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट असते. मात्र एकदा तयार झाल्यावर ती कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही. मापे व भोके आधीच ठरवावी लागतात.

ही काच फुटते तेव्हा खडीसाखरेसारखे बोथट खडे होतात. शरीराला इजा कमी होते हे खरे. पण कठड्याच्या जागी क्षणात मोकळी पोकळी उरते! क्वचित निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण आत राहून हळूहळू फुगतो आणि कोणी हात न लावताही काच फुटते. यासाठी कठड्याला जोडकाच हवी. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून १९०३ साली एक काचपात्र पडले, ते तडकले पण विखुरले नाही. आत वाळलेल्या द्रवाच्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले होते, असे सांगतात. आज दोन टफन्ड काचांमध्ये असाच चिवट पापुद्रा घालतात. तथापि दोन्ही काचा फुटल्या तर तो तावदानाचा पत्रा ओल्या घोंगडीसारखा वाकतो. म्हणून वरून सलग हातदांडा असावा, व एक तावदान गेले तरी तो आपल्या आधारावर उभा राहावा.

जाडी किती, असे विचारले की दुकानदार ‘बारा मिलिमीटर’ म्हणून मोकळा होतो. खरा प्रश्न आहे, रेटा किती? भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात (१९८७) कठड्याच्या माथ्यावरील आडवा भार दिला आहे. राहत्या घराच्या सज्जाला दर मीटरला ०.३५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३६ किलोग्रॅमचे वजन. नाट्यगृहे, शाळा अशा गर्दीच्या जागी २.२५, म्हणजे सुमारे २३० किलोग्रॅम! स्नेहसंमेलनाच्या दिवशी वरच्या मजल्यावरून वाकणारी मुले ज्याने पाहिली आहेत, त्याला हा आकडा मोठा वाटणार नाही. घरासाठी केलेला कठडा शाळेला चालत नाही तो यामुळेच.

हा सारा रेटा अखेर बुडाशी जातो. पकडीचे बोल्ट काँक्रीटऐवजी फरशीखालच्या चुऱ्यात रुतलेले असतील, तर जाड काच घेऊनही उपयोग नाही. काच व धातू यांची गाठ पडू देऊ नये, मध्ये रबर असावे. भोपाळच्या मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो व धातू काचेहून वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतो. उंची तयार फरशीपासून सुमारे एक ते सव्वा मीटर धरावी, आणि कठड्याला लागून बाक ठेवू नये. मूल त्यावर चढले की ती उंची उरत नाही.

तळ्याकाठी आणखी एक विचार हवा. येथील भोज पाणथळ जागेला २००२ साली रामसर यादीत स्थान मिळाले. तिथे पक्षी येतात, आणि स्वच्छ काच त्यांना दिसत नाही. तिच्यावर बाहेरून दाट ठिपके असले तर टक्कर टळते. आपल्याला तळे थोडे कमी दिसेल इतकेच.

घरी काचेचा कठडा असल्यास कोपऱ्यात कोरलेली खूण पाहावी. टफन्ड काचेवर ती बहुधा असते. काठावरून पाहिल्यास जोडकाचेत मधली रेघ दिसते. हातदांड्याखाली काठ झाकला जातो, म्हणून ही पाहणी काच बसविण्यापूर्वीच करावी.