गोलकीपरचे पाय

एवढा उंच माणूस इतका हलका कसा वळू शकतो? हकीम ओलाजुवॉनची जुनी चित्रफीत पाहताना दर वेळी मला हाच प्रश्न पडतो. बास्केटबॉलमधला सेंटर म्हणजे संघाचा सगळ्यात उंच गडी. त्यानं रिंगखाली पाय रोवायचे, धक्के सोसायचे, उसळलेला चेंडू गोळा करायचा. हकीम हे सगळं करायचाच, पण त्याचे पाय वेगळ्याच खेळात घडले होते.

1963 साली नायजेरियातल्या लागोसमध्ये त्याचा जन्म झाला. लहानपणी तो फुटबॉलचा गोलकीपर होता, हँडबॉलही खेळायचा. बास्केटबॉल त्याच्या आयुष्यात आला तो थेट किशोरवयात. गोलकीपरला सतत चवड्यांवर राहावं लागतं. समोरचा कुठे मारणार हे त्याच्या कमरेवरून ओळखायचं आणि क्षणात बाजूला झेपावायचं. हीच सवय घेऊन तो अमेरिकेत, ह्यूस्टनच्या विद्यापीठात पोहोचला. 1984 साली एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत ह्यूस्टन रॉकेट्स संघानं पहिलं नाव त्याचं घेतलं. त्याच यादीत तिसरा होता मायकेल जॉर्डन!

त्याच्या हुलकावणीला ‘ड्रीम शेक’ म्हणतात. नियम असा, की चेंडू हातात धरल्यावर एक पाय जमिनीला खिळलेला ठेवायचा. दुसरा मात्र हवा तितका फिरवता येतो. हकीम रिंगकडे पाठ करून उभा राहायचा आणि एक खांदा किंचित डावीकडे टाकायचा. बचाव करणाऱ्याचं वजन त्या बाजूच्या पायावर जायचं, आणि ज्या पायावर वजन आहे तो लगेच उचलता येत नाही. तेवढ्यात हकीम खिळलेल्या पायावर गर्रकन उजवीकडे वळलेला असायचा. समोरचा सावरून आडवा आलाच, तर हकीम चेंडू फेकल्यासारखा वर न्यायचा. बचाव करणारा उडी मारायचा, आणि हवेत गेलेल्या माणसाला दिशा बदलता येत नाही. मग त्याच्या हाताखालून एक पाऊल पुढे, आणि चेंडू जाळीत. प्रत्येक हुलकावणीच्या पोटात पुढची हुलकावणी तयार! 1995 साली डेव्हिड रॉबिन्सनला, त्या मोसमाच्या सर्वोत्तम खेळाडूला, अख्खी मालिका तो असा नाचवत होता. त्याआधी फेब्रुवारीत रमजानचे रोजे पाळून, दिवसाच्या सामन्यात पाण्याचा थेंबही न घेता, तो महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता.

त्याचा बचाव मला याहूनही थक्क करतो. रिंगकडे खाली येऊ लागलेल्या चेंडूला हात लावायला मनाई आहे, म्हणून अडवायचा तो वर जातानाच. असे 3,830 फटके त्यानं अडवले, आणि हा एनबीएचा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. 1994च्या अंतिम मालिकेत न्यूयॉर्क निक्स 3-2 असे पुढे होते. सहावा सामना, ह्यूस्टन 86-84, शेवटचे क्षण. निक्सच्या जॉन स्टार्क्सनं तीन गुणांचा फटका मारला. तो पडता तर विजेतेपद न्यूयॉर्कचं होतं. सेंटरनं रिंगजवळ थांबावं अशी रीत, पण हकीम तीन गुणांच्या रेषेपर्यंत धावत आला आणि बोटांची टोकं चेंडूला लागली. सातवा सामनाही ह्यूस्टननं जिंकला. मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू हे तिन्ही मान एकाच मोसमात मिळवणारा तो पहिला. पुढच्या वर्षी ह्यूस्टन पुन्हा विजेता झाला.

2002 साली तो निवृत्त झाला. 2011च्या अंतिम मालिकेत हरलेला लेब्रॉन जेम्स त्या उन्हाळ्यात ह्यूस्टनला गेला. तेव्हा 48 वर्षांचा असलेला हकीम रिंगकडे पाठ करून त्याला पावलं शिकवत होता. पुढच्याच वर्षी लेब्रॉननं आपलं पहिलं विजेतेपद जिंकलं.