कल्पनेसाठी नेमका इंग्रजी शब्द शोधताना



शब्दाचा वाच्यार्थ आणि त्याच्या अर्थच्छटा यांतील भेद आपण मागील घटकात पाहिला. त्या भेदाचा एक व्यावहारिक उपयोग या घटकात पाहावयाचा आहे. मनात मराठीतून उमटलेली कल्पना इंग्रजीत मांडताना नेमका शब्द कसा शोधावा, हा आपला प्रश्न आहे. मराठीच्या अभ्यासक्रमात हा विषय कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येईल. इंग्रजी प्रतिशब्दाचा शोध घेऊ लागलो की आपला मराठी शब्द आपण प्रथमच उलगडून पाहतो, असा माझा अध्यापनातील अनुभव आहे. शिवाय आपल्यापैकी बहुतेक जण नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकत आहेत. अर्ज, अहवाल, खुलासे इंग्रजीत लिहिण्याची वेळ आपल्यावर येतेच.

असाच एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी संपर्कसत्र संपल्यावर एक विद्यार्थी थांबले. वय चाळिशीच्या आसपास, एका कार्यालयात लिपिक. दुसऱ्या नोकरीसाठी त्यांनी इंग्रजीत अर्ज तयार केला होता आणि तो मी एकदा पाहावा, अशी त्यांची इच्छा होती. यापूर्वी आपल्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे काय, असा एक रकाना त्यात होता. हे गृहस्थ प्रामाणिक. पूर्वी एकदा कामावर उशिरा आल्याबद्दल साहेबांनी त्यांना तोंडी समज दिली होती, ती त्यांनी नोंदवली होती. शब्दकोशात ‘समज’ या शब्दापुढे त्यांना ‘अंडरस्टँडिंग’ मिळाले. ते जुळेना, म्हणून ते ‘कानउघाडणी’कडे वळले, तेथून ‘ताकीद’, तेथून ‘ठपका’, आणि अखेरीस त्यांच्या हाती ‘सेन्शुअर’ हा शब्द लागला. शब्द भारदस्त वाटला. त्यांनी लिहिले, ‘आय वॉज सेन्शुअर्ड.’

आता महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ पाहा. त्यातील किरकोळ शिक्षांच्या यादीत ‘ठपका ठेवणे’ ही शिक्षा आहे आणि इंग्रजी पाठात तिचे नाव ‘सेन्शुअर’ असे आहे. तोंडी समज त्या यादीत नाही. म्हणजे या गृहस्थांनी, केवळ शब्द शोधता शोधता, कधीच न झालेली शिक्षा स्वतःच्या नावावर लिहून घेतली होती. अर्ज अजून पाठवलेला नव्हता, हे सुदैव. घडले काय ते साध्या मराठीत सांगा, असे मी म्हटले. ते म्हणाले, “साहेबांनी बोलावले, उशिराबद्दल बोलले, पुन्हा असे करू नका म्हणाले. कागद काही झाला नाही.” याचे इंग्रजी सरळ होते : ‘माय सुपीरियर वन्स स्पोक टू मी अबाउट कमिंग लेट.’ आणि एवढे स्पष्ट झाल्यावर त्या रकान्याचे खरे उत्तर ‘नाही’ हे आहे, तेही त्यांच्या ध्यानात आले. “इतके साधे इंग्रजी चालते?” असे त्यांनी जरा निराशेने विचारले, ते मला अजून आठवते.

शब्दाकडून नव्हे, प्रसंगाकडून

या गृहस्थांचे चुकले कोठे? ते शब्दावरून शब्दावर गेले. ‘समज’ ते ‘ताकीद’ ही एक पायरी, ‘ताकीद’ ते ‘ठपका’ ही दुसरी. प्रत्येक पायरीवर अर्थ थोडाच सरकला, परंतु तीन पायऱ्यांनंतर आपण दुसऱ्याच घरात उभे असतो. समानार्थी म्हणवले जाणारे शब्द शेजारी राहतात, एका घरात राहत नाहीत. म्हणून शोधाचा आरंभ प्रसंगापासून करावा. कोणी, कोणाला, कशासाठी, कसे, आणि पुढे त्याचा परिणाम काय झाला, एवढे प्रश्न स्वतःला विचारावेत. ‘समज देणे’ या क्रियेत देणारा वरिष्ठ असतो, घेणारा कनिष्ठ असतो, चूक लहान असते, रोष मर्यादित असतो आणि सुधारण्याची संधी गृहीत असते. यांतील कोणता घटक आपल्या वाक्याला सोडता येणार नाही, हे एकदा ठरले की इंग्रजी शब्दाची निवड बरीचशी झालेली असते.

कल्पनेकडून शब्दाकडे जाण्याची ही रीत आपल्या परंपरेला परकी नाही. अमरसिंहाचा ‘अमरकोश’ वर्णानुक्रमाने रचलेला नाही. स्वर्गवर्ग, वनौषधिवर्ग, सिंहादिवर्ग, मनुष्यवर्ग असे विषयांचे वर्ग करून त्याने शब्द एकत्र आणले. इंग्रजीत याच धर्तीचे प्रसिद्ध काम पीटर मार्क रॉजे या वैद्यकाने केले. १८०५ पासून स्वतःच्या उपयोगासाठी जुळवलेल्या शब्दसंग्रहाचा विस्तार करून त्याने १८५२ मध्ये लंडन येथे आपला ‘थिसॉरस’ प्रसिद्ध केला. त्यात सर्व कल्पनांची सहा मोठ्या वर्गांत आणि एक हजार शीर्षकांत मांडणी केलेली आहे. अर्थ ठाऊक आहे पण शब्द सापडत नाही, अशा लेखकासाठी हा ग्रंथ आहे. मात्र त्यात एका शीर्षकाखाली आलेले शब्द परस्परांच्या जागी ठेवता येतात, असे समजू नये. थिसॉरस आपल्याला योग्य गल्लीत आणून सोडतो. दार कोणते ठोठवायचे, ते इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशातील व्याख्या आणि विशेषतः उदाहरणवाक्ये पाहून ठरवावे लागते. माझ्या मते उदाहरणवाक्ये न देणारा शब्दकोश या कामी निम्माच उपयोगी आहे.

‘कौतुक’

एक शब्द सावकाश तपासू. ‘कौतुक’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातील शब्द. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ कुतूहल, औत्सुक्य असा आहे. जुन्या मराठीत तो नवलाच्या आणि लीलेच्या अर्थाने येतो. आजच्या मराठीतील ही वाक्ये पाहा : ‘मुख्याध्यापकांनी तिचे कौतुक केले.’ ‘आजी नातीचे फार कौतुक करते.’ ‘या वयात तो शिकतो आहे, याचे मला कौतुक वाटते.’ ‘मुंगीएवढ्या जीवाने एवढे वारूळ उभारावे, याचे कौतुक वाटते.’ आणि तिरकसपणे, ‘पुरे झाले तुझे कौतुक!’

पहिल्या वाक्यात ‘प्रेझ’ चालेल, कारण तेथे बोलून दाखवणे आहे आणि त्याला गुणवत्तेचा आधार आहे. दुसऱ्या वाक्यात तो चालणार नाही. आजी नातीच्या कोणत्याही गुणाचे मूल्यमापन करीत नसते. ती नात आहे, एवढेच पुरेसे असते. तेथे इंग्रजीत ‘मेक अ फस ऑफ’ किंवा ‘डोट ऑन’ असा क्रियावाचक शब्दसमूह घ्यावा लागतो. तिसऱ्या वाक्यात मनातल्या मनात वाटणारा आदर आहे, म्हणून ‘ॲडमायर’. चौथ्यात ‘मार्व्हल ॲट’. पाचव्यात तर कौतुकाचा शब्दच ठेवता येत नाही. एखादीने आरशासमोरून हलावे, म्हणून आई हे म्हणत असेल, तर इंग्रजी आई वेगळेच काही म्हणेल.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मराठीत कौतुकाला दिशा आहे. ते बहुधा वडीलधाऱ्याकडून लहानाकडे, निदान बरोबरीच्याकडे जाते. ‘मी माझ्या गुरूंचे कौतुक केले’ हे वाक्य व्याकरणशुद्ध असूनही मराठी कानाला खटकते. तेथे आपण ‘गुरूंविषयी आदर व्यक्त केला’ असे म्हणतो. ‘ॲडमायर’ची दिशा बहुधा याच्या उलट, म्हणजे खालून वर जाणारी असते. म्हणून ‘मला माझ्या मुलाचे कौतुक वाटते’ यासाठी पुष्कळदा ‘आय ॲम प्राउड ऑफ माय सन’ हे अधिक जवळचे ठरते. शब्दकोशात ‘कौतुक’ आणि ‘ॲडमिरेशन’ समोरासमोर छापलेले असले, तरी ही दिशा तेथे छापलेली नसते. ती वाक्यांच्या वाचनातूनच कळते.

शब्द आणि शिक्षा

प्रतिशब्दाची निवड ही केवळ शैलीची बाब नाही, हे दाखवणारे एक मोठे उदाहरण आपल्या इतिहासात आहे. १९०८ च्या जुलै महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. आधार होता ‘केसरी’तील लेखांचा : १२ मे रोजीचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जून रोजीचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. लेख मराठी होते, परंतु न्यायालयापुढे आला तो त्यांचा सरकारी इंग्रजी अनुवाद. नऊ जणांच्या ज्यूरीत बहुसंख्य युरोपीय होते, त्यांना मराठी वाचता येत नव्हते. टिळकांनी स्वतः अनुवादकाची उलटतपासणी घेतली आणि मूळ शब्दांचा अर्थ अनुवादात विकृत झाला आहे, असा मुद्दा मांडला. तो मान्य झाला नाही. सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवण्यात आले आणि सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेस झाली. शब्द वेगळे असते तर निकाल वेगळा लागला असता, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. त्या वेळचे राजकारण तसे नव्हते. परंतु ज्यूरीने जे वाचले ते टिळकांनी लिहिलेले शब्द नव्हते, एवढे खरे.

अशा लेखनात किती सूक्ष्म भेद दडलेले असतात, ते ‘खून’, ‘हत्या’ आणि ‘वध’ या तीन शब्दांवरून पाहा. तिन्हींत जीव जातो. ‘खून’ हा गुन्हा आहे. ‘हत्या’ या शब्दाला पापाचा वास आहे. ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या असे समास पाहिले की ते कळते. ‘वध’ मात्र कंसाचा होतो, जरासंधाचा होतो, आणि करणारा तेथे वीर असतो. कृ. प्र. खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि पुढे सरकारने त्यावर बंदी घातली. त्या नावाचे इंग्रजी करताना ‘मर्डर’ हा शब्द घेतला, तर भीम एका क्षणात आरोपी होतो. ‘किलिंग’ घेतला, तर तो आरोपी होत नाही, पण वीरही उरत नाही. ‘स्लेइंग’ या जुन्या वळणाच्या शब्दात वीराला थोडी जागा आहे, परंतु सद्यःकालीन राजकारणाकडे असलेला त्या नावाचा रोख त्यात बोथट होतो. तिन्हींत काही ना काही सुटते. काय सुटू द्यायचे, याचा निर्णय अनुवादकाला घ्यावा लागतो, आणि तो समजून उमजून घ्यावा लागतो.

कधी वाचकाच्या ओळखीचा शब्द, कधी आपलाच

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले. ग्रंथ मराठी असला तरी त्याला त्यांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना तो अर्पण केला. अमेरिकेत गुलामगिरीच्या समाप्तीला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. शूद्रातिशूद्रांची स्थिती सांगण्यासाठी जातिव्यवस्थेची परिभाषा इंग्रज वाचकाला समजावीत बसण्याऐवजी फुल्यांनी ‘स्लेव्हरी’ हा शब्द घेतला. त्या वाचकाच्या मनात या शब्दाभोवती युद्ध, लाज आणि मुक्तीचा इतिहास अगोदरच जमा होता. जातीची दास्यता आणि अमेरिकेतील गुलामगिरी या सर्वांशी एकरूप गोष्टी नाहीत. तरीही हा शब्द नेमका आहे, कारण फुल्यांना वाचकाच्या मनात जो नैतिक निवाडा घडवावयाचा होता, तो या शब्दाने घडतो.

याच्या उलट ‘उष्टे’ हा शब्द पाहा. इंग्रजीत ‘लेफ्टओव्हर्स’ म्हणजे उरलेले अन्न, जे झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी घरचेच लोक खातात. शिळे वेगळे, उरलेले वेगळे आणि उष्टे वेगळे. उष्ट्यात तोंडाचा स्पर्श आहे, विटाळाची कल्पना आहे. आईने बाळाचे उष्टे खाणे यात माया आहे, आणि पंगत उठल्यावर पत्रावळीवरचे उष्टे एखाद्याच्या पदरात टाकणे यात सामाजिक क्रौर्य आहे. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या हिंदी आत्मकथनाचे नाव ‘जूठन’ असे आहे. अरुण प्रभा मुखर्जी यांनी २००३ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा हे नाव तसेच ठेवले. मला हा निर्णय योग्य वाटतो. मात्र मूळ शब्द ठेवला की काम संपले, असे नाही. तो शब्द प्रथम येतो त्या ठिकाणी एखाद्या वाक्यातून, एखाद्या कृतीतून वाचकाला त्याचा अर्थ लागला पाहिजे. शब्द सुचत नाही म्हणून मराठी शब्द तसाच ठेवणे हा आळस झाला, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तो लगेच ओळखू येतो.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची आपल्याला ओळख आहेच. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि सुधारित दुसरी १८५७ ची. हा कोश चाळताना एक पाहावे : अनेक मराठी शब्दांपुढे मोल्सवर्थ एका प्रतिशब्दावर थांबत नाही, तो प्रसंगाचे वर्णन करतो. इंग्रजीवर मातृभाषेची हुकमत असलेल्या कोशकारालाही जेथे चार-पाच शब्दांची गरज वाटली, तेथे आपण एकाच शब्दासाठी अडून बसण्याचे कारण नाही.

स्वयं-अध्ययनासाठी

पुढील तीन वाक्यांतील ‘संकोच’ या शब्दासाठी इंग्रजी शब्द किंवा शब्दसमूह शोधा : ‘तुमच्याकडे पैसे मागायला मला संकोच वाटतो.’ ‘नवीन सून सर्वांसमोर बोलायला संकोचते.’ ‘काही लागले तर निःसंकोच सांगा.’ प्रथम प्रत्येक वाक्यातील प्रसंग दोन ओळींत मराठीत लिहा : कोण कोणासमोर आहे, त्यांचे नाते काय, आणि मन मागे का सरते आहे. शब्दकोश त्यानंतरच उघडा. तिसऱ्या वाक्याचे इंग्रजी करताना ‘संकोच’ या अर्थाचे नाम वापरू नका.