बाजूला ठेवलेला हुकूमनामा

तालुक्याच्या दिवाणी कोर्टातील एका कारकुनाने, इंग्रजी निकालाचा मतलब अशिलाला समजावून देताना, 'तुमच्याविरुद्ध झालेला एकतर्फी हुकूमनामा कोर्टाने बाजूला ठेवला आहे' असे सांगितले, आणि तो कागद कोणत्या दप्तरात व कोणाच्या ताब्यात ठेवला आहे याची चौकशी करीत तो बिचारा अशील दिवसभर कचेरीच्या ओसरीवर बसून राहिला, अशी हकीकत मी एका वृद्ध वकिलांच्या तोंडून ऐकली आहे. ती प्रत्यक्ष घडली की वकिलांच्या बैठकीत रचली गेली, हे मी त्यांना विचारले नाही. परंतु कारकुनाची चूक मात्र अगदी अस्सल होती. मुळात शब्द होते 'सेट असाइड', आणि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत एकतर्फी हुकूमनाम्यासंबंधी ते येतात ते 'रद्द करणे' या अर्थाने. कारकुनाने 'सेट' म्हणजे ठेवणे आणि 'असाइड' म्हणजे बाजूला, अशी सरळ बेरीज केली. ज्यांना इंग्रज वैयाकरण 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात, त्या क्रियापदांविषयीचा पहिला आणि सर्वांत हट्टी गैरसमज हाच, की त्यांचा अर्थ बेरजेने निघतो.

वस्तुतः क्रियापद आणि त्याच्या मागे येणारे ते चिमुकले अव्यय मिळून एकच शब्द असतो; तो दोन तुकड्यांत लिहिला जातो, इतकेच. ज्याच्या कानावर संस्कृताचे संस्कार आहेत त्याला तर याचे नवल वाटण्याचे कारणच नाही. 'हृ' म्हणजे हरण करणे. त्यालाच उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार झाले, पण जेवताना आपण कशाचे हरण करीत आहोत असे कोणाच्या मनात येत नाही. उपसर्ग धातूच्या आधी यावा असे सांगून पाणिनीने लगेच अशी सवलत नोंदवून ठेवली, की वेदात तो धातूच्या नंतरही येतो आणि दोहोंमध्ये दुसरे शब्दही येऊ शकतात. आपण जी सवलत वैदिक वाङ्मयाबरोबर मागे ठेवली, तीवर इंग्रजीचा आजचा संसार चालला आहे. प्राचीन इंग्रजीतही असे उपसर्ग बहुधा क्रियापदाच्या आधी येत, आणि 'अंडरस्टँड', 'विदस्टँड' हे त्या जुन्या घराचे उरलेले वासे होत. पुढे शतकाशतकांनी ते मागे सरकले. १७५५ साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत डॉ. जॉन्सनने, परकीयांना सर्वांत अधिक अडचण होते ती या जोड्यांची, अशी स्पष्ट कबुली दिली आहे. त्यांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र फार उशिरा मिळाले: १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथ याने ते आपल्या ग्रंथात वापरले, आणि ते सुचविल्याचे श्रेय कोशकार हेन्री ब्रॅडलीला दिले.

बेरीज चुकते असे एकदा कळले, की विद्यार्थी नेमका दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो; या जोड्यांत काही संगतीच नाही, तेव्हा याद्या घोकाव्यात, अशी त्याची समजूत होते. 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप' यांत काहीही वर जात नाही हे खरे. पण तिन्हींत क्रिया पुरती तडीस गेल्याचा भाव आहे, आणि तो 'अप'ने आणला आहे. आपण 'खाल्ले' म्हणतो आणि 'खाऊन टाकले'ही म्हणतो. त्यात टाकण्याची क्रिया कोठे असते? 'मी बोललो' आणि 'मी बोलून बसलो' यांत बसण्याचा संबंध नाही, पण पश्चात्तापाचा आहे, आणि हा भेद मराठी मुलाला कोणत्याही मास्तराने शिकविलेला नसतो. इंग्रजीतला 'ऑन' असाच पुष्कळदा सातत्य दाखवितो ('गो ऑन', 'रीड ऑन'), तर 'ऑफ' वियोग. मात्र या किल्ल्यांनी सगळी कुलुपे उघडत नाहीत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. 'स्लो अप' आणि 'स्लो डाउन' यांचा अर्थ एकच. छापील अर्ज 'फिल इन' करा की 'फिल आउट' करा, भरायचे रकाने तेवढेच. आणि 'मेक अप' या एकाच जोडीने भांडण मिटते, तूट भरून निघते, खोटी हकीकत रचली जाते आणि नटाच्या तोंडाला रंगही लागतो.

तिसरा गैरसमज आमच्या शिक्षकवर्गाने श्रद्धेने जोपासला: ही क्रियापदे बाजारी असून सभ्य लेखनात त्यांना थारा नाही, 'पुट ऑफ' न लिहिता 'पोस्टपोन' लिहावे. आमची इंग्रजी ग्रंथांतून आणि कचेऱ्यांतून आली, म्हणून लॅटिन कुळातील शब्द आम्हांला खानदानी वाटले, यात अस्वाभाविक काही नाही. परंतु कायद्याइतकी करडी भाषा कोणती? त्याच कायद्यात हुकूमनामा 'सेट असाइड' होतो, वादीच्या मागणीतून प्रतिवादीचे येणे मुजरा मिळते त्याला 'सेट ऑफ' म्हणतात, आणि कंपनी बंद होते तेव्हा ती 'वाइंड अप' केली जाते, म्हणजे आपल्या भाषेत थेट गुंडाळली जाते. उलट घरगुती बोलण्यात दिवा 'पुट आउट' करण्याऐवजी 'एक्स्टिंग्विश' करायला सांगणारा मनुष्य, बायकोला 'दीप निर्वापित कर' म्हणणाऱ्या नवऱ्याइतकाच शोभेल.

शब्द लहान म्हणून ते सोपे, हाही एक भ्रमच. सी. के. ऑग्डन याने १९३० मध्ये अवघ्या ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' सिद्ध केली, आणि तीत क्रियापदे केवळ १८ ठेवली. पण बाकीच्या क्रियापदांचे काम 'गेट', 'पुट', 'टेक' यांच्या मागे अव्यये जोडूनच भागवावे लागले, म्हणजे जमाखर्चात शब्द कमी दिसले तरी शिकणाऱ्याच्या शिरावरचे ओझे होते तेवढेच राहिले.

वाक्याच्या शेवटी असले अव्यय येऊ देऊ नये, हा दंडक बराचसा ड्रायडनच्या खाती जमा आहे; १६७२ साली त्याने बेन जॉन्सनच्या वाक्यांवर हा आक्षेप घेतला होता. 'पुट अप विथ' या तीन शब्दांची उलटापालट करून त्या नियमाची टर उडविणारा विनोद चर्चिलच्या नावावर खपतो, पण तो त्याचाच असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. बोलक्या इंग्रजीने तो दंडक कधीच जुमानला नाही.

खरा नियम निराळा आणि अधिक उपयोगाचा आहे. 'पुट ऑन द कोट' आणि 'पुट द कोट ऑन' ही दोन्ही वाक्ये शुद्ध. पण कोटाच्या जागी सर्वनाम आले की 'पुट इट ऑन' एवढेच चालते, 'पुट ऑन इट' चालत नाही. 'लुक आफ्टर' मात्र कधीच दुभंगत नाही, तेथे 'लुक आफ्टर हर' असेच म्हणावे लागते. 'रन अप अ हिल' आणि 'रन अप अ बिल' दिसायला जुळी भावंडे. पण पहिल्यात टेकडी धावत चढणे आहे, दुसऱ्यात उधारी वाढविणे. उधारीच्या वाक्यात 'अप' शेवटी नेता येतो, टेकडीच्या वाक्यात नेता येत नाही. सर्वनाम घालून पाहिले की दोघांची जात तत्काळ कळते.

राहता राहिला आमचा 'पास आउट'. अमक्या साली कॉलेजातून 'पास आउट' झालो असे आमचा पदवीधर अभिमानाने सांगतो, आणि परदेशी श्रोता, विशेषतः अमेरिकन, त्याला कॉलेजात भोवळ आली होती असे समजतो. म्हणून हा प्रयोग सरसकट अशुद्ध ठरविण्याचीही घाई नको. लष्करी शिक्षण पुरे करून बाहेर पडणे हा त्याचा अर्थ खुद्द ब्रिटिश सैन्यातला असून, खडकवासल्याच्या प्रबोधिनीत छात्रांची 'पासिंग आउट परेड' होते ती त्याच अर्थाने. आमच्या पदवीधराने शब्द उचलला तो परेडच्या मैदानावरून. आता त्याच मैदानावर, उन्हात तासभर ताठ उभा राहिलेला एखादा छात्र धाडकन कोसळला, तर इंग्रजाला त्याच्यासाठीही हेच दोन शब्द वापरावे लागतील.