खर्डा : अखेरच्या विजयाचा साक्षीदार

जामखेडहून आग्नेयेकडे गेले की धाराशिव जिल्ह्याच्या सीमेलगत खर्डा हे गाव लागते. शालेय इतिहासातील एका लढाईमुळे त्याचे नाव सर्वांना ठाऊक असते. गावाची ओळख मात्र लढाईहून जुनी आहे. निजामाच्या पदरी असलेल्या निंबाळकर घराण्याचे हे ठाणे. याच घराण्याने १७४०च्या दशकात गावाच्या कडेला घडीव दगडाचा, खंदकाने वेढलेला चौकोनी भुईकोट बांधला. पुढे पन्नास वर्षांनी खुद्द निजामालाच त्याच्या तटाआड आसरा घ्यावा लागला.

चौथाईच्या थकबाकीवरून पुणे आणि हैदराबाद यांच्यात जुना तंटा होता. निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क याच्या उद्दाम उत्तरांनी तो चिघळला. नाना फडणविसांनी शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले असे सारे सरदार एकत्र आणले आणि सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांना दिले. निजामाने इंग्रजांकडे मदत मागितली. गव्हर्नर जनरल जॉन शोअर तटस्थ राहिला. ११ मार्च १७९५ रोजी सैन्ये भिडली. निजामाकडे रेमाँ या फ्रेंच सेनानीची कवायती पलटण होती, तर शिंद्यांच्या पलटणींचा प्रमुखही पेराँ हा फ्रेंचच!

निकाल लागला तो रात्री, आणि तोही काहीसा अपघाताने. घोड्यांसाठी पाणी शोधणारी मराठ्यांची एक लहान तुकडी ओढ्यापाशी निजामाच्या शिपायांसमोर आली. गोळीबार झाला, अंधारात सारी छावणी घाबरली आणि तिची पांगापांग झाली. निजाम अलीखान किल्ल्यात शिरला. बाहेर मराठ्यांच्या तोफा आणि आत पाण्याचा तुटवडा, अशा कोंडीत त्याला तह करावा लागला. दौलताबादचा किल्ला, मोठा मुलूख व तीन कोटी रुपये देण्याचे त्याने मान्य केले. मुशीर-उल-मुल्कही मराठ्यांच्या हवाली झाला.

होळकरांची फौज तुकोजींच्या हाताखाली लढली. राज्याच्या सूत्रधार अहिल्याबाईंचे जन्मगाव चोंडी याच जामखेड तालुक्यातले. लढाईनंतर पाच महिन्यांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचे निधन झाले. ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव गेले आणि पेशवाईच्या वारशाचा कलह पेटला. त्या धामधुमीत निजामाचा पाठिंबा मिळवण्यासाठी खुद्द नानांनीच १७९६ मध्ये खर्ड्याची कमाई सोडून दिली. सुटून गेलेला मुशीर-उल-मुल्क पुन्हा दिवाण झाला. इंग्रजांच्या तटस्थतेचा अनुभव घेऊनही निजाम १७९८ मध्ये त्यांच्याच तैनाती फौजेखाली गेला. मराठ्यांचा धाक हे त्याचे मोठे कारण होते. ज्या विजयाने मराठ्यांचे बळ दाखवले, त्यानेच शेजाऱ्याला इंग्रजांकडे ढकलले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. १२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला. खर्ड्याच्या लढाईला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती.

गावाची बाजारपेठ या उलथापालथीतूनही टिकली. एकोणिसाव्या शतकात धान्य व देशी कापडाचा मोठा व्यापार येथे चाले. किल्ल्याचा तट आणि भव्य दरवाजा आजही उभे आहेत.